पावणेसहाचा निषेध

आमच्या पणजोबांनी जुलमी अधिकाऱ्याच्या निषेधार्थ अख्ख्या गावाची वेळ थांबवली, हे आम्हाला बाळकडूसारखं पाजलेलं होतं. नगरपालिकेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम त्यांच्याकडे होतं.

मोठ्या काकांनी घराण्याचा इतिहास छापायला घेतला तेव्हा पहिलं प्रकरण याच पराक्रमाचं ठरलं. पुरावा आणायचं काम त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे आलं. आत्याने तीस वर्षं कवळ्या बनवलेल्या. तिला केसभर चूकही खपत नसे.

आठवडाभर ती दफ्तरखान्यात शिंकत बसली. शेवटी तिथल्या कारकुनाने कपाटामागे पडलेलं एक बाड ओढून काढलं. त्यात पणजोबांची चौकशी होती, त्यांच्या सहीसकट.

रविवारी सगळ्यांसमोर आत्याने चष्मा लावून त्यांचा जबाब वाचला.

"मी मनोऱ्यात न्हाव्याबरोबर बुद्धिबळ खेळत होतो. सहाच्या ठोक्याला घरी आला नाहीत तर दार उघडणार नाही, असं बायकोने बजावलं होतं. डाव रंगात होता. म्हणून पावणेसहाला मी लंबक रुमालाने खिळ्याला बांधला. घड्याळ बंद नव्हतं. जरा दम खात होतं."

सहाचा ठोका पडेना म्हणून छापखाना सुटेना, दुकानं बंद होईनात. अधिकाऱ्याची तर बाहेरगावची गाडी चुकली. पणजोबा आठ दिवस निलंबित झाले.

चुलत बहिणीने उशीत खुपसलेलं तोंड बाहेर काढून विचारलं, "मग पणजीने दार उघडलं?"

"त्याची नोंद नाही," आत्या म्हणाली. "पण तुझे आजोबा पुढच्याच वर्षी जन्मले. काढ अर्थ."

काकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "हे छापायचं नाही."

"मग काय छापायचं, दादा?"

"निषेध."

"होताच की निषेध. आपल्या आजीचा."

काका तरातरा गॅलरीत गेले. चहा निवून गेला तरी आले नाहीत. मग दारातूनच हळू आवाजात त्यांनी विचारलं, "डाव जिंकला कोण?"

आत्याने पानं उलटली. न्हाव्याचीही साक्ष होती. "हे गृहस्थ सात चालींत मात खाणार होते. घड्याळ थांबवल्यामुळे नऊ चालींत खाल्ली."

"न्हाव्याचा काय भरवसा?" काका तावातावाने आत आले. "तो साक्षीदार होता की प्रतिस्पर्धी? माणूस डाव टिकवण्यासाठी गाव वेठीला धरतो आणि हरतो? पटत नाही."

"मग तसं लिही," आत्या म्हणाली. "पण जबाबातला काना-मात्रा बदलायचा नाही."

पुस्तकात दोन्ही जबाब जसेच्या तसे छापले गेले. खाली काकांची दीड पानाची तळटीप आहे. पणजोबांनी उंट वेळेवर सरळ पुढे हलवला असता तर न्हाव्याची धडगत नव्हती, असं तिच्यात ठासून म्हटलंय. उंट तिरका चालतो हे काकांना छपाईनंतर कळलं. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी आता बुद्धिबळाची शिकवणी लावली आहे.