दाराचं माप

त्या रविवारी मस्तुराच्या पिशवीत तिच्या नवऱ्याचा कमरेला बांधायचा शेला होता आणि शेल्याला एक गाठ होती. शेल्याच्या टोकापासून गाठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढी तिच्या दाराची रुंदी. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दीर बाजारात आलाच नसता, आणि घरचा पुरुष बरोबर असल्याशिवाय सासू तिला बाजारात सोडणार नव्हती.

सासऱ्यामागे वाटणी झाली तेव्हा रुंद फाटक धाकट्या मुलाकडे, तोलिबकडे गेलं आणि थोरल्याच्या, म्हणजे मस्तुराच्या नवऱ्याच्या वाट्याला गल्लीतलं, गाढवाच्या गाडीपुरतं दार आलं. दाराच्या एका अंगाला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला मस्तुराचंच स्वयंपाकघर. वीतभरसुद्धा वाढवायची सोय नाही. नवरा होता तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तो गेला आणि नांगरटीचा ट्रॅक्टर तोलिबच्या फाटकातून, मधल्या भिंतीच्या खिंडारातून तिच्या बागेत येऊ लागला. फाटकाची किल्ली तोलिबच्या खिशात. मागच्या वसंतात ऐन कांद्याच्या वेळी तोलिब लग्नाला म्हणून ताश्कंदला गेला, तो किल्लीसकट. कांदा मागे पडला, भाव गेला. मग तोच समजूत घालायला आला. एकट्या बाईला एवढी बाग झेपायची नाही, निम्म्या वाट्याने मला द्या, घरापुरती भाजी तुम्हाला कधी कमी पडणार नाही, म्हणाला. ज्या बागेतल्या पिवळ्या गाजरांवर नमनगान शहरातल्या लग्नांचे पुलाव शिजायचे, त्या बागेच्या मालकिणीला घरापुरती भाजी.

तोलिब वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. भावाच्या मयतीत तो लहान मुलासारखा रडला होता आणि दर हिवाळ्यात न मागता कोळसा आणून टाकायचा. पण बोट दिलं की मनगट धरायची त्याची खोड जुनी. मस्तुराने हिवाळाभर पोसलेले दोन गोऱ्हे विकले आणि स्वतःचा लहान ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तो आधी गप्प झाला आणि मग नको तितका खुश झाला. त्याच रात्री तिने दार मापून शेल्याला गाठ मारली.

यंत्रांच्या बाजारात तो सरळ लाल ट्रॅक्टरपाशी गेला. नवाकोरा, रुंद, मागची चाकं माणसाच्या छातीपर्यंत. मस्तुरा तिकडे पोचेपर्यंत इस्मत दलालाने तोलिबचा उजवा हात आणि विकणाऱ्याचा उजवा हात एकमेकांत घालून वर आपला पंजा दाबलाही होता आणि खांद्यातून निखळतील असे तो ते हात हलवत होता. भोवती माणसं जमली. इथली रीत अशी की हात हलतात तोवर भाव हलतो. हात एकदा जोरात खाली आले आणि भोवतालच्या चौघांनी ‘बरकत होवो’ म्हटलं की सौदा झाला. त्यानंतर जो मागे फिरतो त्याला या बाजारात कुणी चहासुद्धा विचारत नाही.

मस्तुरा कड्याबाहेरच थांबली. पुरुषांच्या त्या कड्यात बाईने शिरायचं नसतं. पण भीड ही भिकेची बहीण, आणि या भिडेपायी तिची एक वसंताची नांगरट आधीच गेली होती. तिने पिशवीतून शेला काढला, दोन माणसांना कोपराने बाजूला केलं आणि सगळ्यांच्या देखत वाकून तो लाल ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना आडवा लावला.

‘‘आपा, कुडता शिवताय का ट्रॅक्टरला?’’ हात न सोडता इस्मत म्हणाला. माणसं खदाखदा हसली.

एक टोक डाव्या चाकाच्या कडेला धरलं तर गाठ उजव्या चाकाच्या कितीतरी अलीकडे येत होती. कोपरभर तरी चाक बाहेर.

‘‘हा नको,’’ ती म्हणाली.

‘‘वहिनी, मी हात दिलाय.’’

‘‘खाली कुठे आलाय अजून?’’

तोलिबचे कान लाल झाले. तो हलक्या आवाजात, घरच्या माणसाने घरच्या बाईशी बोलावं तसं बोलू लागला. दाराची कसली काळजी, त्याचं फाटक काय परक्याचं आहे का, ट्रॅक्टर त्याच्या अंगणात उभा राहील, पाहिजे तेव्हा न्यावा. मस्तुराने सगळं ऐकून घेतलं. अंगणात उभा राहिलेला ट्रॅक्टर कुणाचा होतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

इस्मतने आधी तोलिबकडे, मग मस्तुराकडे पाहिलं. या माणसाने आयुष्यभर लोकांचे हात धरले होते, त्याला तळव्याच्या घामावरून माणूस कळायचा. ‘‘माल कुणासाठी?’’ त्याने विचारलं.

‘‘घरासाठी,’’ तोलिब म्हणाला.

‘‘माझ्यासाठी,’’ मस्तुरा म्हणाली. ‘‘पैसा माझा आहे आणि बागही माझी आहे.’’

इस्मतने हात सोडले. लाल ट्रॅक्टरवाला काही तरी पुटपुटला आणि तोलिबने दोन्ही हात खिशात घातले, ते पुन्हा बाहेर काढलेच नाहीत.

रांगेच्या शेवटी एक निळा ट्रॅक्टर होता. वापरलेला, चिंचोळा, द्राक्षांच्या ओळींत चालणारा. इंजिनाचा आवाज ऐकून मस्तुराला बरं वाटलं. तिचा बाप सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर चालवायचा आणि मांडीवर बसवून लेकीच्या हाती सुकाणू द्यायचा. तो आवाज तिच्या कानात मुरलेला होता. तिने शेला लावला. चाक गाठीच्या चार बोटं बाहेर होतं.

मागे तोलिब हसला नाही, पण त्याचा श्वास सुटल्याचं तिला ऐकू आलं.

निळ्याचा मालक नोरमत हा दाढीवाला, अबोल शेतकरी. चाकं काढून उलटी बसवली की ती आत सरकतात, म्हणाला. किती, ते मात्र त्याला सांगता येईना, त्याने कधी केलं नव्हतं. मग आता करून दाखवा, मस्तुरा म्हणाली. नोरमतने मान हलवली. भर बाजारात चाकं उतरवलेलं यंत्र बघितलं की लोकांना वाटतं मोडकं आहे, मग गिऱ्हाईक फिरकत नाही. आधी हात द्या, मग चाकं उलटी करून देतो.

म्हणजे आधी घ्यायचा आणि मग मावतो का बघायचं. मावला नाही तर गोऱ्हेही गेले आणि ट्रॅक्टर तोलिबच्याच अंगणात. तिने गाठीबाहेरची ती चार बोटं पुन्हा मोजून पाहिली.  आता ‘चल घरी’ म्हटलं असतं तर तिला कुणी हसलं नसतं, आणि शरद येईपर्यंत बाग तोलिबची झाली असती.

‘‘भाव करा, इस्मत-आका,’’ ती म्हणाली.

इस्मत घुटमळला. बाईचा हात तो धरणार कसा? त्याने तोलिबकडे पाहिलं. तोलिब आभाळ बघत होता. तेव्हा मस्तुराने शेल्याचे दोन वेढे आपल्या उजव्या पंजाला घेतले आणि तो हात पुढे केला.

कुणी हसलं नाही. इस्मतने नोरमतचा हात त्यावर ठेवला, वर स्वतःचा दाबला आणि हलवायला सुरुवात केली. नोरमतचा भाव वर, मस्तुराचा खाली, पुन्हा वर, थोडा खाली. तिचा खांदा ठणकू लागला तरी तिने हात ढिला सोडला नाही. शेवटी इस्मतने हात धाडकन खाली आणले. ‘‘बरकत होवो,’’ माणसं म्हणाली.

तिने पंजाचा शेला सोडवला आणि टोकापासून चाचपत नेला. ओढाताणीत गाठ सुटली होती. कापड चुरगळलं होतं आणि गाठ कुठे होती याची खूणसुद्धा राहिली नव्हती.

नोरमतने चाकं उलटी बसवली. ती आत सरकली खरी, पण पुरेशी की नाही, हे आता फक्त दारच सांगणार होतं. तोलिब आपल्या गाडीत बसून पुढे निघून गेला. मस्तुरा निळ्यावर चढली. वाटभर तिने दार डोळ्यांपुढे धरलं, पण जितकं आठवावं तितकं ते अरुंदच होत गेलं.

ती गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा तोलिबचं फाटक सताड उघडं होतं. फाटकाच्या उंबऱ्यावर सासू धुपाटणं घेऊन उभी होती, नव्या यंत्राची दृष्ट काढायला. तोलिब फाटकाला टेकून होता. ‘‘या वहिनी, इकडून घ्या,’’ तो म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

तिने वेग कमी केला नाही. फाटक मागे पडलं. आपल्या दारासमोर तिने ट्रॅक्टर वळवला आणि पुढची चाकं उंबऱ्यावर चढवली. मागचं डावं चाक शेजाऱ्याच्या भिंतीला लागता लागता राहिलं. उजवं स्वयंपाकघराच्या भिंतीला घासलं, ढेकूळभर माती खाली पडली, इंजिन गुरगुरून अडलं. तिने पाय आणखी दाबला. भिंतीचा गिलावा लांबलचक सोलत गेला आणि ट्रॅक्टर आत गेला, थेट बागेच्या कडेपर्यंत.

तिने इंजिन बंद केलं आणि ती खाली उतरली. मागे धुराचा उग्र वास आला. सासू दारातून आत आली होती. तिने चारही चाकांवरून धूर फिरवला आणि शेवटी मस्तुराच्या डोक्यावरूनही.

तोलिब दाराबाहेर थांबला होता. सोललेल्या भिंतीकडे बघत होता. ‘‘आणि बिघडला म्हणजे?’’ त्याने विचारलं.

‘‘बिघडला की तुलाच हाक मारीन, तोलिबजान,’’ मस्तुरा म्हणाली. ‘‘दुसरं कोण आहे मला? पण ह्या दाराने ये.’’

 दाराशी पडलेलं मातीचं ढेकूळ ओलांडून तोलिब आत आला आणि मागचं चाक नीट आवळलंय का ते बघू लागला.