रॉकेटचं उत्तर

ऑफिसात त्याला सगळे रॉकेट म्हणत आणि ते त्याला मनापासून पटलेलं होतं. साहेबांनी फिबोनाचीच्या मालिकेतली दहा कोटी क्रमांकाची संख्या मागितली. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी साधा प्रोग्राम लावला: मागच्या दोन संख्यांची बेरीज करून पुढची काढायची, मग तिच्या पुढची.

रॉकेटला हसू आवरेना. "ताई, नातवाचं लग्न लागेल, तरी तुमचं उत्तर यायचं नाही!"

त्यानं क्रमांक दुप्पट करत नेणारं सूत्र वापरलं. पन्नासाव्या संख्येवरून थेट शंभरावी, तिच्यावरून दोनशेवी. चहा निवायच्या आत उत्तर हजर! कॉलर ताठ करून तो केबिनमध्ये गेला.

साहेबांनी आकड्यांचा तो महापूर खालीवर सरकवून पाहिला. "छान. पण बरोबर आहे कशावरून?"

रॉकेटनं कॉलर हळूच खाली केली.

"ताईंच्या उत्तराशी ताडून बघ," साहेब म्हणाले. "तोवर कुणाला देऊ नकोस."

आता रॉकेट रोज सकाळी ताईंच्या टेबलाशी अदबीनं उभा राहतो. "ताई, कुठवर आलं?"

"होईल रे," ताई म्हणतात. "नातू परवाच रांगायला लागलाय."