तिसऱ्या रांगेतली बोलकी वीट

टक्!

दुपार होती. बाळ नुकतंच झोपलं होतं आणि घर इतकं चिडीचूप होतं, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा दबकत चाललंय असं वाटावं. त्या शांततेत हा एवढाच आवाज झाला. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या आजोबांनी मान वळवली नाही. वळवून काही दिसणारही नव्हतं. ते म्हणाले, "सूनबाई, इस्त्रीवाला आलाय. आज गठ्ठा जड दिसतोय त्याचा."

आणि खरंच इस्त्रीवाला होता. गठ्ठाही जड होता.

मित्रांनो, तो आवाज माझा. मी एक जुनी वीट आहे. फाटकापासून घराच्या दारापर्यंत विटांची वाट जाते ना, तिच्या फाटकाकडून तिसऱ्या रांगेत माझी जागा आहे. माणसांना एखाद्या गोष्टीचा कंटाळा आला, की ती म्हणतात "वीट आला." माझं नाव त्यांनी कंटाळ्याला का दिलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मला तर एकाच जागी पडून राहूनही कधी कंटाळा आला नाही.

माझा जन्म चिखलात झाला. मला पायांनी तुडवलं, साच्यात थापलं, उन्हात वाळवलं आणि भट्टीत रचलं. नेमकी माझी जागा आली जाळाच्या तोंडाशी. माझ्या बहिणी लालचुटूक झाल्या, मी काळपट जांभळी. जास्तीच्या आचेने माझ्या एका अंगाला थोडंसं पोटही सुटलं. भट्टीवाला म्हणाला, "ही भिंतीत चालायची नाही," आणि त्याने मला बाजूला फेकलं.

तिथे मला आजोबांनी उचललं. तेव्हा ते आजोबा नव्हते. काळ्याभोर मिशांचे तरणेबांड गवंडी होते. दिवसभर लोकांची घरं बांधायचे आणि संध्याकाळी स्वतःचं. त्यांनी मला दुसऱ्या विटेवर आपटून पाहिलं. खण्ण! ते हसले. "ही बोलकी आहे. भिंतीत कोंडायची कशाला? हिला वाटेत घेऊ."

मग वाट झाली. खाली खडी, खडीवर वाळू, वाळूवर आम्ही. प्रत्येक विटेला रबरी हातोड्याचे दोन ठोके द्यायचे आणि कान देऊन ऐकायचं. ठोका भरीव वाजला, की आजोबा म्हणायचे, "बसली." बस्स, एवढंच. पण गवंड्याच्या तोंडचा तो एक शब्द म्हणजे आम्हा विटांची शाबासकी. माझं पोट वर ठेवून त्यांनी मला बसवलं, दोन ठोके दिले आणि म्हणाले, "बसली."

पुढची कितीतरी वर्षं सुखाची गेली. त्यांच्या मुलाची तीनचाकी माझ्यावरून गेली, मग सायकल, मग मोटारसायकल. त्याचं लग्न झालं, तेव्हा सुनेच्या बॅगेची चाकं खडखडत आली. पाहुणे म्हणायचे, "काय वाट आहे हो! एक वीट हलत नाही." आजोबा मिशीत हसायचे आणि आम्ही सगळ्या जणी ताठ व्हायचो.

पण मित्रांनो, आपलं कौतुक चालू असतं तेव्हा आपल्या खाली काय चाललंय, हे कळत नाही. वाटेच्या कडेला झाडांसाठी एक नळ आहे. त्याचा पाइप माझ्या खालून जातो. हळूहळू मला पोटाखाली गार लागू लागलं. वाळू कणाकणाने वाहून गेली. एक दिवस मुलाचा बूट माझ्यावर पडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, टक्!

तो खाली बघून म्हणाला, "ही वीट बसली वाटतं."

ऐकलंत? ज्या शब्दाने मला शाबासकी मिळाली होती, त्याच शब्दाने मला नावं ठेवली गेली. नीट जमली तरी बसली आणि खचली तरी बसली!

त्याच सुमारास आजोबांच्या डोळ्यांतला उजेड मावळत गेला. दोन वर्षांत सगळा अंधार झाला. आणि जी डुगडुग माझी लाज होती, ती त्यांना उपयोगी पडू लागली. घाईची टक् म्हणजे सूनबाई. जड टक् म्हणजे मुलगा. आणि 'ट-टक्!' अशी दोन्ही पायांची उडी पडली, की आजोबा आधीच हात पसरून ठेवायचे. "आला आमचा टोळ!"

टोळ म्हणजे त्यांची नात. पहिलीत जाते. तिला चालता येत नाही, फक्त उड्या मारता येतात. म्हणून आजोबांनी तिचं नाव टोळ ठेवलं आणि मुलगी असूनही ते तिला चिकटलं.

रोज दुपारी टोळची शाळेची बस यायची, तेव्हा आजोबा एकटे फाटकापर्यंत जायचे. बरोब्बर बावीस पावलं. कुणी हात धरायला आलं, तर म्हणायचे, "मीच घातलीय ही वाट, मलाच दाखवताय?" दिवसभरात त्यांचं स्वतःचं असं तेवढंच काम उरलं होतं.

आणि एका दुपारी, एकविसाव्या पावलाला, त्यांच्या चपलेचं टोक माझ्या खचलेल्या कडेत अडकलं. फाटक हातभर लांब होतं. ते पडले. तळहात सोलवटला, गुडघा सुजला. टोळ बसच्या पायरीवरून बघत होती. त्या दिवशी ती उडी न मारता उतरली.

संध्याकाळी घरात बोलणं झालं. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"आजोबा, आता एकट्याने फाटकापर्यंत जायचं नाही," मुलगा म्हणाला. टोळ जन्मल्यापासून सगळं घर त्यांना आजोबाच म्हणतं. "आणि येत्या रविवारी मी ती वाट उखडून काँक्रीट करून टाकतो. कटकटच नको."

आजोबा म्हणाले, "कर बाबा. तुझं घर आहे. पण एक सांगतो, विटा तळपायाला बोलतात. सांधा लागला, की कळतं आपण कुठे आहोत. गुळगुळीत काँक्रीटवर मी भर समुद्रात उभा राहिल्यासारखा होईन. मग मला फाटकाशी नेऊच नका."

टोळची आई म्हणाली, "रविवारपर्यंत मला द्या. मी बसवते ती वीट."

"तू?" मुलगा म्हणाला. "तुला भिंतीत खिळा ठोकता येत नाही!"

"मी कुठे खिळा ठोकतेय? वीट जमिनीत असते."

टोळच्या आईला स्वतःचा असा वेळ किती? बाळ दुपारी झोपतं तेवढा. कधी पाऊण तास, कधी दहा मिनिटं. सोमवारी बाळ झोपताच ती दोन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. ते माझ्या दोन बाजूंच्या फटीत घालून तिने मला अलगद वर काढलं, तव्यावरच्या धिरड्याखाली उलथनं सरकवावं तसा खाली हात घातला, वाळूच्या दोन मुठी टाकल्या आणि मला परत ठेवून थोपटलं. बाळाला थोपटतात ना, तस्संच. मला हातोड्याची सवय, मी लाजलेच.

संध्याकाळी मुलगा आला. "काय झालं विटेचं?"

"बसली!"

"बघ, मी म्हटलंच होतं. परत बसणार."

"अहो, बसली म्हणजे चांगली बसली!"

पण बुधवारी त्याचाच अर्थ खरा ठरला. टक्! टोळच्या आईचं तोंड एवढंसं झालं. ती आत जाऊन म्हणाली, "आजोबा, मला नाही जमत हे. मी वाळू घातली होती हो."

आजोबा म्हणाले, "एक मूठ वाळू आण खालची."

तिने आणली. त्यांनी ती चिमटीत चोळली, मग मूठ आवळून उघडली. वाळूचा लाडू तसाच राहिला. "चार दिवसांत पाऊस नाही, झाडांना पाणी तू सकाळी घालतेस. मग ही भर दुपारी ओली कशी? पोरी, विटेचा दोष नाही. तिच्या खालचं कुणीतरी चोरतंय. मला स्टूल दे बाहेर."

पडल्यानंतर पहिल्यांदाच आजोबा बाहेर आले, तिच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांच्या सांगण्यावरून तिने आम्हा सात जणींना उचललं, आणि खाली पाइपाचा सांधा दिसला. टप... टप... टप. गुरुवारी नळवाला आला. तो वाकून म्हणाला, "वहिनी, सांधा रडतोय की तुमचा!"

"किती दिवस झाले असतील?"

"ते मला काय ठाऊक? विटेला विचारा."

वर्षं झाली होती हो वर्षं! पण मला कोण विचारतंय?

त्याने सांधा बदलला. शुक्रवारी खड्डा उन्हाला उघडा ठेवला. शनिवारी बाळ झोपलं आणि काम सुरू झालं. आधी खडी. ती ठोकायला धुम्मस हवं, म्हणजे लांब दांड्याचा जड लोखंडी ठोकळा. आजोबांचं जुनं धुम्मस न्हाणीघरामागे गंजत पडलं होतं. ते उचलताना टोळच्या आईच्या तोंडून "आई गं!" निघालं, तेव्हा आजोबा म्हणाले, "तू दोन-दोन पोरं कडेवर घेतेस, हे काय जड!" मग वाळू पसरून ती सपाट करायला फळी ओढली. मग एकेक बहीण जागेवर गेली. शेवटी मी.

मला ठेवताना तिने उलटं केलं. "खालची बाजू कशी कोरी करकरीत आहे! हीच वर ठेवते. छान दिसेल."

आजोबांनी रबरी हातोडा घेतला, चाचपडत माझ्यावर ठोका दिला आणि भुवया उंचावल्या. "उलटी ठेवलीस. हिला पोट आहे. पोट खाली गेलं, की पाळणा होतो."

"तुम्हाला आठवतं?" ती थक्क झाली. "एवढ्या विटांमधली एक?"

"हिला मी आवाजावरून घेतली होती," आजोबा म्हणाले. त्यांनी अंगठा माझ्या पोटावरून सावकाश फिरवला. इतक्या वर्षांनी. मित्रांनो, वीट भाजलेली असते म्हणून बरं, कच्ची असते तर मी तिथेच विरघळले असते.

तिने मला सरळ केलं. एक ठोका. दुसरा ठोका. आजोबांनी कान खाली आणला. आत बाळ रडायला लागलं, टोळची आई उठली, पण तशीच थांबली. तिला तो शब्द ऐकायचा होता.

"बसली," आजोबा म्हणाले.

ती डोळे पुसत आत पळाली. फटींमध्ये वाळू झाडून भरायचं काम टोळने केलं. थोडी वाळू केसांतही गेली.

रविवारी मुलाने टाचेने मला दाबून पाहिलं. एकदा, दोनदा. मग तो आत गेला आणि काँक्रीटवाल्याला फोन करून म्हणाला, "राहू दे. घरातलंच माणूस मिळालं."

आणि सोमवारी दुपारी आजोबा निघाले. एकटे. टोळची आई बाळाला घेऊन दारात उभी होती. तिने आपला हात आपणच धरून ठेवला होता. अठरा, एकोणीस, वीस. एकविसावं पाऊल माझ्यावर पडलं. मी जीव मुठीत धरून घट्ट राहिले. बावीस. आजोबांचा हात फाटकावर टेकला. बस आली. टोळने पायरीवरून अशी काही उडी मारली, की ड्रायव्हरकाका ओरडले, "अगं, हळू!"

मित्रांनो, एवढंच सांगायला मी तोंड उघडलं. कुठे काही डुगडुगताना दिसलं, तर त्याला ठोकर मारून पुढे जाऊ नका. वाकून खाली हात घाला. ओल कुठून येतेय ते बघा. नुसती वरून वाळू टाकू नका. खचलेलं सगळंच टाकाऊ नसतं. पुष्कळदा त्याच्या खालचा आधार तेवढा गेलेला असतो.

माझी गोष्ट इथेच संपायची होती. पण त्याच दिवशी संध्याकाळी टोळ खेळून परत आली. फाटक उघडंच होतं. रोजच्यासारखी तिने दोन्ही पायांनी माझ्यावर उडी मारली.

काहीच वाजलं नाही.

ती धावत आत गेली. आजोबा खिडकीपाशी बसले होते. त्यांचे हात पसरलेले नव्हते, मांडीवर होते. पावलांची चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कोण?"

टोळला आजवर कुणी "कोण?" असं विचारलं नव्हतं. आजोबांनी तर नाहीच.

"मी आहे आजोबा," ती हळूच म्हणाली. मग आजोबा हसले, त्यांनी तिला जवळ ओढलं, केसांतून हात फिरवला. सगळं नेहमीसारखं झालं. पण टोळ तिथे थांबली नाही. ती बाहेर आली आणि माझ्याजवळ उकिडवी बसली. बोटाच्या पेराने तिने मला टकटक केलं. भरीव आवाज आला, आजोबांना आवडतो तसा. तिला तो नको होता. ती वाकून माझ्या कानाशी, म्हणजे जिथे तिला माझा कान वाटला तिथे, म्हणाली, "बोल ना गं."

तिची आई दाराशी आली होती. खांद्यावर बाळ, नखांत अजून वाळू. टोळने मान वर करून तिला विचारलं,

"आई, ही बरी झाली, की मुकी झाली?"

आईने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, ती वाकली आणि तिने मोकळ्या हाताने मला थोपटलं.