जिन्यातला दिवाणखाना

मी सोफा-कम-बेड बोलतोय. लगेच टेकू नका, आधी ऐकून घ्या. दिवसा सोफा आणि रात्री पलंग अशा दोन नोकऱ्या करण्यासाठीच सुताराने मला घडवलं. माझे पहिले मालक एक मास्तर. ते माझ्यावर बसून पेपर तपासायचे आणि तिथेच घोरायला लागायचे. पुढे त्यांनी नवा पलंग घेतला आणि मला निर्वासितांच्या मदत केंद्राला देऊन टाकलं. मी फुगलोच. म्हटलं, इतक्या वर्षांच्या सेवेचं हेच का फळ!

पण केंद्राच्या गोदामात माझी चैन सुरू झाली. देश सोडून आलेली माणसं तिथे यायची आणि नवं घर मांडायला काहीबाही घेऊन जायची. जो तो मला दाबून बघायचा, मला गुदगुल्या व्हायच्या. केंद्र चालवणाऱ्या ताई दांडा ओढून मला उघडून दाखवायच्या, तेव्हा तर माझी छाती नुसती फुगायची.

एक दिवस एक शिंपी आणि त्याची बायको आली. युद्धातून जीव मुठीत धरून आलेली जोडी. शिंप्याची आई अजून सरहद्दीपलीकडे छावणीत होती. तिला आणायचं तर घरात तिच्यासाठी वेगळा पलंग हवा, असा नियम. तपासनीस सोमवारी बघायला येणार होते. पलंग नसला की अर्ज मागे, आणि पुन्हा पाळी कधी येईल ते देवालाच ठाऊक.

शिंप्याने गळ्यातली टेप काढून माझी मापं घेतली. पण सवय जाते कुठे! टेप करकचून आवळत तो मला म्हणाला, "श्वास सोडा." आता गिऱ्हाईक सोडतं, मी कुठून सोडणार? कंबरेत मी चांगलाच कमी भरलो.

"जिन्यातून आरामात जाईल," त्याने ताईंना सांगितलं.

सोमवारी वरून शिंपी आणि त्याची बायको, खालून ताई आणि केंद्रात मदतीला येणारे ड्रायव्हरकाका, अशी माझी वरात निघाली. जिन्याच्या वळणावर मी असा अडकलो की पुढे जाईना, मागे येईना. इमारतभरच्या दारांतून डोकी बाहेर आली. "उभा करा!" "आडवा करा!" "अहो, फिरवा!" ज्याच्या त्याच्या भाषेत सल्ले. एक ना धड भाराभर चिंध्या! शेवटी मला तिथेच चार पायांवर ठेवलं. मला तर हसू आवरेना.

शिंप्याच्या बायकोला मात्र वेगळीच काळजी. "दाराशी आलेली माणसं अशी ताटकळत उभी? मला नाही चालायचं," म्हणत ती वर पळाली आणि चहा घेऊन आली. सगळे माझ्यावर ओळीने बसले. जिन्यात चक्क बैठक जमली, आणि नेमके तेव्हाच तपासनीस धापा टाकत जिना चढून आले.

"पलंग कुठाय?"

"हा काय, साहेब," ताई म्हणाल्या.

"आणि घर?"

"पलंगाच्या पलीकडे."

"जिन्यातला पलंग मला धरता येत नाही हो."

शिंप्याने कप खाली ठेवला. "साहेब, माझी आई तिकडे जमिनीवर झोपते. हा आत जाईल. जिन्याचा कठडा कापावा लागला तर कापतो, पण जाईल!"

"आधी बसा तरी, चहा घ्या," बायकोने कप पुढे केला.

सगळ्यांनी उठून जागा दिली. दमलेले साहेब बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणी दांडा न ओढता उघडलो. खाड! साहेब आडवे, पाय छताकडे, कप मात्र हातात सरळ. साहेबांनी छताकडे बघितलं आणि असे खदाखदा हसले की त्यांच्यासोबत मीही हललो.

"पाठ सुटतेय याची!" काका ओरडले. उघडताना माझी खीळ निसटली होती. माझी पाठ सुटी होते हे मला तरी कुठे माहीत होतं! साहेबांनी कोट काढून माझा एक कोपरा उचलला. बघता बघता मी घरात, आणि अर्जावर सही.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल, तर त्याला अशा केंद्रात पाठवा. अडगळीत कुजण्यापेक्षा जिन्यात अडकणं कितीतरी मजेचं, हे मी अनुभवाने सांगतो.

आज दुपारी शिंप्याची आई आली. माझ्या अगदी कडेला बसली, गाठोडं मांडीवर घट्ट धरून. सगळ्यांनी सांगून पाहिलं, ती ते खाली ठेवीना. मग तिने सुनेला हळूच विचारलं, "हा पलंग परत कधी द्यायचा गं?"

"परत नाही द्यायचा, आई. तुमचाच आहे."

तिने माझ्यावरून हात फिरवला. गाठोडं खाली ठेवलं आणि पाय वर घेतले. बघता बघता तिचा डोळा लागला. तेव्हा या तुम्ही आता, आणि जाताना दार हळू लावा.