माझा शेवट अजून कुणी पाहिलेला नाही

हो, मीच बोलतोय, वीरेंद्रच्या पलंगाखालच्या संत्र्याच्या पेटीतून. उगाच इकडेतिकडे शोधू नका, मी जेमतेम नखाएवढा आहे. पण या नखाएवढ्या चिपच्या पोटात एक अख्खा ग्रह आहे. त्यात चाळीस गुहा, नऊ राक्षस आणि डोक्यावर काचेचं शिरस्त्राण घातलेला एक अंतराळवीर आहे. शेवटचा राक्षस मेला की दाखवायला तीन मिनिटांचा सिनेमाही आहे, बासरीसकट. तो आजवर कुणी पाहिलेला नाही. बरेच दिवस माझं सगळं दुखणं हेच होतं.

मी नव्या अवतारातला गेम. माझे वडील तीस वर्षांपूर्वीचे, टीव्हीला जोडायचे, पावाच्या लादीसारखे जाडजूड. आमच्या या पांढुर्णा गावात त्यांना कॅसेट म्हणायचे आणि ते चालू झाले नाहीत की त्यांच्या तोंडात फुंकर मारायचे. फुंकरीने नेमकं काय व्हायचं ते वडिलांनाही कळलं नाही, पण व्हायचे चालू बिचारे. पुढे कंपनीला वाटलं, हाच ग्रह हातात मावेल असा करावा. मग मला घडवलं, रंग चढवले, राक्षसांना नवे दात बसवले आणि हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रात बसवून दिलं.

वडील होते ते वीरेंद्र आणि त्याची मोठी बहीण अर्चना यांच्या घरी. तेव्हा दोघं शाळेत जात होती. शेवटच्या राक्षसापर्यंत दोघं मिळून एकदाच पोहोचली आणि ऐन मोक्याला टीव्हीची वायर निघाली. वायर कुणाच्या पायाने निघाली, हा खटला या घरात तेव्हापासून चालू आहे. अर्चनाचं लग्न होऊन ती सौसरला गेली, वीरेंद्रचे केस पिकू लागले, पण निकाल लागला नाही. वडील एका दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेले. शेवट पोटातच घेऊन गेले हो! मी तसं जाणार नव्हतो.

गेल्या वर्षी वीरेंद्रने मला नागपूरच्या एका दुकानात जुन्या यंत्रासकट पाहिलं आणि भर गिऱ्हाइकांत ओरडलाच. घरी आल्यावर त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, चष्मा लावून मला न्याहाळलं.

"हे काय आणलं बाप्पा?"

"आई, तोच गेम हाय, आमच्या लहानपणचा. आता हातात मावते."

"इतकुसा? पहिलेचा कसा भरल्या अंगाचा होता!"

झालं. घरात पाऊल टाकत नाही तोच तुलना सुरू.

वीरेंद्र संत्र्याचा बागाईतदार. त्याचं खेळणंही तसंच. माझ्या गुहांत वाट अडवणाऱ्या पेट्या आहेत. त्या उचलून बाजूला टाकायच्या आणि पुढे जायचं. हा गडी त्या मोजून एकावर एक थप्पीला लावायचा, लहान पेटी वर, मोठी खाली, आणि मगच पुढे सरकायचा. मागून राक्षस चावतोय, याचं पेट्यांत लक्ष. तरीही आठ राक्षस मारून तो शेवटच्या दारापाशी पोहोचला आणि तिथेच थांबला. "ताई आल्यावर," म्हणाला.

आता सौसर काही लांब नाही, तासाभराची वाट. पण जवळ राहणारी माणसंच कमी येतात, हे मी या घरात शिकलो. अर्चना यायची ती वर्षातून एकदा, पोळ्याला, तीन दिवस. मी पाच महिने त्या दारापाशी ताटकळत बसलो.

पोळ्याला अर्चना आली. दुसरा दिवस गोटमारीचा. त्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. इकडून पांढुर्ण्याचे, पलीकडून सावरगावचे, दोन्हीकडून दगडांचा मारा. ज्यांना तो झेंडा काढता आला, ते चंडीमातेच्या देवळात नेऊन वाहतात. वीरेंद्रने चपला घातलेल्या पाहून मनकर्णाबाई दारातच खाट टाकून बसल्या.

"तिकडं कायले चालून राहिला? डोकंच फोडून घ्याचं असन तं पहिले मले ओलांडून जाय."

म्हणून बहीणभाऊ मला घेऊन बसले. आणि माझी लाज निघाली. वडिलांपुढे अख्खं घर चटई टाकून बसायचं. मी एकट्यासाठी बनवलेला. एकाने धरलं की दुसऱ्याला नुसती पाठ दिसते. लगेच ओढाओढ सुरू झाली आणि तिच्यातून जुना खटला बाहेर आला.

"वायर तुह्याच पायानं निघाली होती!"

"मी तं खुर्चीवर होती, वीरू! पाय भुईले टेकत तरी होते का माहे?"

"काय लेकरावानी करून राहिले तुम्ही?" मनकर्णाबाई करवादल्या. "अर्धं-अर्धं धरा!"

मग तसंच धरलं. डावीकडची चालायची बटणं वीरेंद्रकडे, उजवीकडची गोळी मारायची आणि पेटी उचलायची अर्चनाकडे. डोक्याला डोकं लावून बसले. अंतराळवीर एकीकडे पळायचा आणि छताला गोळ्या मारायचा. अकरा वेळा मेला. बटणांना पुरणपोळीचं तूप लागलं, ते वेगळंच.

बाराव्या खेपेला राक्षसाच्या आठही सोंडा पडल्या. समोर तेजाबाची नदी, नदीच्या मधोमध एक खांब, खांबावर लाल रत्न. त्या रत्नात राक्षसाचा जीव. एक गोळी मारली की खलास, आणि मग माझा सिनेमा! मी बासरी तयार ठेवली. अर्चनाचा अंगठा गोळीच्या बटणावर गेला.

तेवढ्यात मनकर्णाबाई डोकावल्या. बाहेर नदीवर ढोल वाजतच होते.

"अवं, हा तं झेंडा होय! झेंड्यावर गोळी मारते का कोणी? काढून आण. देवीले नेऊन द्या लागते."

आणि या चाळिशी ओलांडलेल्या दोघांनी ऐकलं हो! वीरेंद्रने अंतराळवीराला तेजाबातून धडपडत खांबापाशी नेलं आणि अर्चनाने पेटी उचलायचं बटण दाबलं. असं कुणी करेल हे मला बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. रत्न सुटून हातात आलं. आता काय करायचं हे राक्षसाला कुणी सांगितलेलंच नव्हतं, तो बिचारा आ वासून उभा राहिला. अंतराळवीर रत्न डोक्यावर घेऊन चाळीस गुहा उलटा पळाला, वीरेंद्रच्या थप्प्यांना वळसे घालत. पहिल्या गुहेत त्याचं यान उभं असतं. त्या यानाच्या दाराशी रत्न ठेवलं. मनकर्णाबाईंनी माझ्या काचेला कुंकू लावलं आणि तिघं अशी ओरडली की नदीवरची बातमी आली समजून शेजारी धावत आले.

मी मात्र बासरी तोंडाशी धरून तसाच.

तिसऱ्या दिवशी अर्चनाची पिशवी भरून झाली. बसला अर्धा तास होता. वीरेंद्रने यंत्र पुढे केलं.

"ताई, त्या रत्नाले एक गोळी मार. शेवट तं पाहू."

पुन्हा अर्धं-अर्धं धरलं. वीरेंद्रने नेम धरून अंतराळवीर उभा केला. माझा जीव गोळा झाला. माझ्यासाठी, वडिलांसाठी, दाब गं बाई! अंगठा बटणावर टेकला आणि तिथेच राहिला.

"वीरू, हे संपल्यावर मंग काय खेळाचं?"

"काहीच नाही. संपलं म्हणजे संपलं."

अर्चनाने अंगठा उचलला. "मंग राहू दे. पुढच्या पोळ्याले पाहू."

मी भयंकर चिडलो. आठवडाभर चिडलेला होतो. मग एक दिवस अर्चनाचा फोन आला. एरवी ती फोनही कामापुरताच करायची. "रत्न जागेवर हाय ना रे?" एवढंच विचारायला केला होता, आणि दोघं तासभर बोलत बसली. आता दर रविवारी फोन येतो.

म्हणून एक विनंती. कधी पांढुर्ण्याला आलात, वीरेंद्रकडे चहाला बसलात आणि त्याने कौतुकाने मला तुमच्या हाती दिलं, तर खुशाल खेळा. गुहा हिंडा, थप्प्या पाडा. फक्त यानाच्या दाराशी रत्न दिसेल, त्याला गोळी मारू नका. ताई यायची आहे.