तांबडी रेघ

मोजणीसाहेबांनी तिपाईचा तिसरा पाय चिखलात रोवला, तिच्यावर दुर्बीण चढवली आणि मागे न बघताच सांगितलं, की ज्यांना गप्पा मारायच्या असतील त्यांनी बांधाच्या पलीकडे जाऊन माराव्यात. गप्पा मारणारा एकच होता, त्यांचा मेहुणा. तो डबा उघडून बसला होता आणि बांधाच्या पलीकडे जायची त्याला काही घाई दिसत नव्हती.

साहेबांनी भूमापन खात्यात जमिनी मोजल्या आणि निवृत्तीनंतर पाखरं. लोक त्यांना पाठीमागे मोजणीसाहेब म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. दर वसंतात बदकं आणि पांढरे कुरव पक्षी उत्तरेकडे निघण्याआधी या तळ्यावर शेवटची गणना व्हायची. गेली पंधरा वर्षं तिची वही त्यांच्याकडे होती आणि वहीबरोबर आलेल्या माणसांना ते कसेबसे सहन करत होते.

माणसंही तशीच होती. मेहुण्याला चाळीस थापट्या बदकं दिसली की तो ऐंशी सांगायचा, कारण अर्धी पाण्यात बुडी मारून असणार असा त्याचा हिशेब होता. थापट्या बुडी मारत नाही हे त्याला अकरा वर्षं सांगून झालं होतं. बँकेतल्या गृहस्थांचं तर नाकापेक्षा मोती जड. हातभर लांब भिंग घेऊन ते यायचे, समोरच्या त्याच त्या बगळ्याचे तीनशे फोटो काढायचे आणि नऊच्या आत घरी जायचे. बदक कुठलं हे त्यांना घरी गेल्यावर मुलगी सांगायची.

राहिली दातांची डॉक्टर. ती साठ पावलांवर स्वतःची दुर्बीण लावून एकटी उभी असायची. पहिल्या वर्षी ती साहेबांना काका म्हणायची. तीन वर्षांपूर्वीच्या गणनेनंतर साहेब म्हणायला लागली.

त्या गणनेत तिला छोटा कुरव दिसला होता. नेहमीच्या कुरवाच्या निम्म्या आकाराचा, पंखाखालून काजळी धरल्यासारखा काळा. हा पक्षी या तळ्यावर कधीच कुणी पाहिलेला नव्हता. साहेबांनी तिच्या दुर्बिणीला डोळा लावून मिनिटभर पाहिलं, ताठ उभे राहिले आणि "काही दिसत नाही" म्हणाले. नवा पक्षी दोघांनी पाहिल्याशिवाय वहीत राहत नाही, हा नियम त्यांनीच केला होता. तिने लिहिलेल्या ओळीवर त्यांनी पट्टी धरून तांबडी रेघ मारली. दात उपटणाऱ्यांनी दातच उपटावेत, असंही ते मेहुण्याला म्हणाले, जरा मोठ्यानेच. वहीत पक्ष्यांच्या एकशे अठरा जाती होत्या आणि त्यांतली एकही या तळ्यावर सगळ्यांत आधी साहेबांनी पाहिलेली नव्हती.

आज ऊन वर आलं तसे कुरव पलीकडच्या काठावरून पाण्यात उतरू लागले. साहेब दोनशे सहापर्यंत पोचले आणि थांबले. दोनशे सातवा पक्षी फारच लहान होता. त्याने आळस दिल्यासारखे पंख वर केले. पंख खालून काळे होते.

साहेबांनी डोळा पुसला. ते पुन्हा बघायला वाकले. पक्षी तिथेच होता.

आता दुसरा डोळा हवा होता. मेहुणा न बघताच हो म्हणाला असता आणि त्याच्या शब्दाला किती किंमत आहे हे साहेबांनीच गावभर सांगून ठेवलं होतं. बँकेतल्यांच्या भिंगात एवढ्या लांबचा पक्षी म्हणजे पांढरा ठिपका. अडला हरी, दुसरं काय. साहेब साठ पावलं चालत गेले.

"डॉक्टरबाई, जरा माझ्या दुर्बिणीतून बघता का?"

ती आली. वाकली. बघताबघता तिचा हात दुर्बीण हळूहळू डावीकडे नेत राहिला, आणि साहेबांचा श्वास मोकळा झाला.

"छोटा कुरव," ती म्हणाली. "लिहा."

एवढं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी वही गुडघ्यावर ठेवली. पक्ष्याचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, पाहणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव जरा ठळक लिहिलं आणि दुसऱ्या रकान्यात तिचं. शेवटचा रकाना होता, या तळ्यावर पूर्वी पाहिला आहे काय. साहेबांनी "नाही" लिहिलं.

ती वहीकडे बघत होती.

"त्या वर्षी मी दुर्बीण पाण्यातल्या खांबावर लावली होती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. पेशंटला कुठला दात किडलाय हे सांगावं तसा होता. "पक्षी खांबाजवळ होता. तुम्ही बघून उठलात, मग मी परत डोळा लावला. खांब कुठे दिसतच नव्हता, आणि पक्षी बरोबर मधोमध होता."

साहेब वहीतल्या शाईवर फुंकर घालू लागले.

"जे दिसत नाही त्याच्या मागे कुणी दुर्बीण फिरवत नाही, साहेब."

तीन वर्षं तिला हे ठाऊक होतं. तीन वर्षं ती दर गणनेला येत होती, त्यांचे टोमणे ऐकत होती, आणि आपल्याकडे बघताना तिच्या नजरेत जे असायचं त्याला ते धाक समजत होते. साहेबांना लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे त्यांनी आधी पेनाचं टोपण शोधलं.

"ते जुनं पान मी दुरुस्त करतो," ते म्हणाले.

"नको, राहू द्या. तेवढी एक रेघ बघायलाच मी येते." ती आपल्या दुर्बिणीकडे चालू लागली. जाताजाता म्हणाली, "माझ्या बाजूला तलवार बदकं चौसष्ट आहेत. मागून विचारू नका."

मेहुणा डबा हातात घेऊनच धावत आला. पहिला शोध कुणाच्या नावावर लागला ते त्याला आत्ताच्या आत्ता हवं होतं.

साहेबांनी "नाही" खोडलं. पट्टी नव्हती, रेघ वाकडी आली. शेजारी त्यांनी "होय" लिहिलं आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख घातली. ती त्यांना आठवावी लागली नाही.

"हा डॉक्टरबाईंचा," ते म्हणाले.

"पण तेव्हा तर तुम्हीच म्हणालात, की काही दिसत नाही."

"दिसला होता," साहेब म्हणाले.

मेहुण्याने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्यात काही भर घालता येईना. त्याने डब्याचं झाकण खाडकन लावलं. पाण्यावरचे कुरव एकदम उठले, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायला लागणार होती.