मास्तर उभं राहायला शिकले

मित्रांनो, मी कापड बेतायचं एक जुनं टेबल आहे आणि माझे पाय आखूड आहेत. त्यात सुताराची काही चूक नाही. आमच्या शिंपी मास्तरांचे वडील बुटके होते, त्यांच्या कमरेच्या उंचीने त्याने मला घडवलं. पुढे मी मुलाच्या हाती आलो. मुलगा निघाला ताडमाड! तरी "वडिलांचं टेबल आहे," म्हणत तो तीस वर्षं माझ्यावर वाकून कापड कापत राहिला.

गिऱ्हाइकं माझ्यावरून हात फिरवून म्हणायची, "काय गुळगुळीत लाकूड आहे!" मी फुशारून जायचो. मास्तरांच्या पाठीला मात्र कमान येत होती. ती कशामुळे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

हळूहळू दुखणं मानेतून खांद्यात उतरलं. कात्री धरताना हात थरथरू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हाडं ठीक आहेत. वाकणं कमी करा."

"म्हणजे दुकानच बंद करा की!" मास्तर बायकोपाशी, म्हणजे आमच्या काकूंपाशी, चिडले. शिवायला नवे कपडे घेणं त्यांनी खरंच थांबवलं.

एकदा व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई पँट आखूड करायला आल्या. टाचणी लावायला मास्तर खाली बसले, ते उठेनातच. बाईंनी आणि काकूंनी दोन्हीकडून धरून त्यांना उभं केलं.

"मास्तर, रोज सकाळी पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं," बाई म्हणाल्या.

"उभं? अहो बाई, जन्मभर दुसरं केलं काय?"

"जन्मभर तुम्ही वाकलात. उभे कुठे राहिलात?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून ठेवला. मग बाईंनी शिकवलं. पावलांत खांद्याइतकं अंतर, गुडघे सैल. डोक्याला दोरा बांधून कुणी अलगद वर धरलंय, असं समजायचं. हात मोठी घागर कवेत घेतल्यासारखे. श्वास येतो-जातो तेवढा पाहायचा. "आणि दुखलं तर थांबायचं. दात आवळून सोसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्यासमोर उभे राहिले. मिनिटभरात मांड्या लटपटल्या, नाक खाजलं.

"बसची वाट पाहताय का?" काकूंना हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एकटे राहिलात तर बस चुकवाल."

दुखणं काही एका दिवसात पळालं नाही. महिन्याभराने खांदे कानांपासून जरा खाली आले, झोप लागू लागली. मग एका दुपारी मास्तरांनी कापता कापता कात्री ठेवली.

"अगं, वाकलो की पाठ लगेच कुरकुरते. आधी मला तिचं ऐकूच येत नव्हतं. हे टेबलच ठेंगणं आहे गं!"

मी मनात म्हटलं, संपलं, आता अडगळ!

"मग काढून टाकायचं?" काकूंनी विचारलं.

"छे! तुम्ही दोघींनी मला उभं केलंत, तसं त्यालाही जरा उभं करू."

सुताराने माझ्या चारही पायांना वीतभर ठोकळे जोडले. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी नवा कोट बेतायला घेतला. आणि काकूंनी जुन्या मापाने शिवलेला मास्तरांचा सदरा मागून लोंबायला लागला.

"कापड जास्त झालं वाटतं," मास्तर म्हणाले.

"कापड तेवढंच आहे. तुमची कमान उतरली," काकू म्हणाल्या आणि टेप घेऊन मागे उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मी लाकूड, मला चार ठोकळे पुरले. तुमची पाठ तुमच्याजवळ एकच आहे. ती कुरकुरली तर ऐका. आणि आज हातातलं काम संपलं की थोडा वेळ नुसते उभे राहा, कुणी हसलं तरी.